मागच्या बाकावरचा पाहुणा

शनिवार उजाडला की अलिबाग-मुरूड रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि काशीदचा पांढऱ्या वाळूचा किनारा मुंबई-पुण्याच्या माणसांनी भरून जातो. सुरूच्या सावलीतल्या टपऱ्यांवर आणि पाण्यातल्या खेळांच्या फलकांवर इंग्रजी शब्दांची दाटी असते. काही रोमन लिपीत, काही देवनागरीत आणि बरेचसे स्वतंत्र वर्णलेखनाचे. 'बनाना राइड', 'जेट स्की', 'फॅमिली रूम', 'चेंजिंग रूम' हे शब्द इथल्या पोराला पहिलीत जाण्यापूर्वीच ठाऊक असतात. पर्यटकाशी भाव कसा बोलावा, 'टू हंड्रेड'चे 'वन फिफ्टी' कधी करावे, हेही त्याला थोरल्या भावाच्या मागे उभे राहून समजलेले असते. सोमवारी शाळा भरते. इंग्रजीचे पुस्तक उघडते. मग त्याच मुलाच्या तोंडून, पंधरा-वीस जणांच्या एकसुरी गजरात, जे इंग्रजी बाहेर पडते त्याचा किनाऱ्यावरच्या इंग्रजीशी काडीचाही संबंध नसतो. 'यस टीचर' हे त्यातले सर्वांत आत्मविश्वासाने उच्चारलेले वाक्य. हे चित्र काशीदपुरते नाही. कोकणपट्टीतल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या कोणत्याही मराठी शाळेत ते थोड्याफार फरकाने पाहावयास मिळते. मात्र ते पाहण्यासाठी कोणी तरी वर्गात जाऊन बसले पाहिजे, आणि इंग्रजीचा शिक्षक घडविण्याच्या आपल्या सगळ्या खटाटोपात नेमकी हीच गोष्ट राहून गेलेली आहे.

महाराष्ट्राने इंग्रजीबाबत निर्णय पुष्कळ घेतले. बाळासाहेब खेरांच्या काळात इंग्रजी आठवीपासून शिकवावयाचे ठरले. पुढे ते पाचवीवर आले. आणि २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते थेट पहिलीत जाऊन बसले. या प्रत्येक वेळी वाद झाले, अग्रलेख लिहिले गेले, भाषेच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त झाल्या. त्या चिंता खोट्या नव्हत्या. पण इंग्रजी कितव्या इयत्तेपासून, या प्रश्नावर जेवढी शाई खर्च झाली तिच्या शतांशानेही ती शिकविणार कोण आणि त्याने हे शिकविणे पाहिले कोठे, या प्रश्नावर झाली नाही. २००० साली ज्या शिक्षकाच्या हाती पहिलीचे इंग्रजी देण्यात आले त्याने स्वतः इंग्रजीचे पहिले अक्षर पाचवीत गिरविले होते. सहा वर्षांच्या मुलाला परकी भाषा शिकविताना त्याने कोणालाच पाहिलेले नव्हते. काही दिवसांचे प्रशिक्षण त्याला मिळाले, हस्तपुस्तिका मिळाली, आणि तो कामाला लागला. त्याने जे निभावून नेले त्याबद्दल त्याचे आभारच मानावयास हवेत. परंतु पाव शतक उलटल्यानंतरही त्याच्यामागून येणाऱ्या तरुण शिक्षकाची स्थिती फारशी वेगळी नसेल, तर दोष शिक्षकाचा म्हणता येणार नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकाच्या व्यवसायावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक साधा हिशेब मांडलेला आहे. शालेय शिक्षण संपेपर्यंत मुलाने सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात घालविलेले असतात. शिक्षक होऊ पाहणारा तरुण अध्यापक महाविद्यालयात येतो तो कोरी पाटी घेऊन येत नाही. या तेरा हजार तासांची उमेदवारी करून येतो. वकिलाने लहानपणी कोर्ट पाहिलेले नसते, डॉक्टरने शस्त्रक्रिया पाहिलेली नसते. शिक्षकाने मात्र आपला धंदा आयुष्यभर पाहिलेला असतो. गंमत अशी की तो त्याने एकाच बाजूने, बाकावर बसून पाहिलेला असतो. गुरुजी फळ्याकडे वळले, ओरडले, हसले, हे त्याला दिसले. का वळले, कोणते उदाहरण मनात येऊनही त्यांनी टाळले, कोणाला मुद्दाम विचारले नाही, हे त्याला दिसण्याचे कारणच नव्हते. मग वर्गात एकटे उभे राहण्याची वेळ आली की वर्षा-दोन वर्षांत शिकलेले शास्त्र बाजूला पडते आणि ते तेरा हजार तास बोलू लागतात.

इंग्रजीच्या बाबतीत हे तास काय सांगतात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. धड्यातले वाक्य वाचावे, त्याचे मराठी करावे, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहावेत, प्रश्नोत्तरे उतरवून द्यावीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या आणि त्यांतून उत्तम इंग्रजी लिहिणारी माणसे निपजली, हे मान्यच केले पाहिजे. पण ती माणसे आठ-दहा वर्षे घोकंपट्टी करणारी, बहुतेक पांढरपेशा घरातली आणि घरी इंग्रजी वर्तमानपत्र येणारी होती. तीच रीत काशीदच्या वाडीवर, वडील मचव्यावर आणि आई सुपारीच्या बागेत मजुरीला गेलेल्या मुलापुढे ठेवली की तिचे रूपांतर मराठीच्या आणखी एका तासात होते. मूल इंग्रजी ऐकते ते फक्त वाक्याच्या निमित्ताने; लगेच 'म्हणजे' येते, आणि 'म्हणजे'नंतरचेच ऐकावयाचे असते हे कोणतेही शहाणे मूल आठवड्यात ओळखते. शालान्त परीक्षा मंडळाच्या लेखी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. बाजाराच्या लेखी ती पहिली. या दोहोंच्या मधला रस्ता शिक्षकाने काढावयाचा आहे, आणि त्याची उमेदवारी 'म्हणजे'ची झालेली आहे.

ही उमेदवारी मोडावयाची तर तिच्या तोडीचे दुसरे पाहणे हवे. सरकारी नियमकर्त्यांना हे कळलेले नाही असेही नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, शाळेतल्या आंतरवासितेला एकूण वीस आठवडे दिले आणि दुसऱ्या वर्षाच्या सोळा आठवड्यांतला पहिला आठवडा नेहमीच्या शिक्षकाचा नेहमीचा वर्ग पाहण्यासाठी राखून ठेवला. सहाध्यायांनी एकमेकांचे पाठ पाहावेत, हेही तिथे लिहिलेले आहे. कागद उत्तम आहे. प्रत्यक्षात छात्राध्यापक शाळेत पाऊल टाकतो तेव्हा त्या शाळेला दोन जागा रिकाम्या असलेल्या तासांची आठवण होते. पाहण्यासाठी आलेला तरुण तिसऱ्या दिवशी बदली तासावर रुजू होतो. आणि निरीक्षण वही? ती भरावयाचीच असते. विहित पाठांची संख्या पुरी करण्यासाठी सत्राच्या अखेरीस मित्राची वही घेऊन पाच-सहा पाठांचे निरीक्षण एका रात्रीत 'करण्याची' कला अध्यापक महाविद्यालयांच्या वसतिगृहांत कोणी शिकविल्यावाचून येते. भाषेचे शिक्षण असेच विनासायास होऊ लागले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

सरावपाठाचा विधीही ओळखीचा आहे. आदल्या दिवशी पाठटाचण तपासून सही झालेली असते. रंगीत तक्ता, फलकावर तारीख-इयत्ता-विषय, 'सेतुपाठ', 'विषयविवेचन', 'संकलन'. ज्यांची सवय मुलांना नसते अशा सुस्वर अभिवादनाने पाठ सुरू होतो. मार्गदर्शक प्राध्यापकांना त्याच तासिकेला तीन वर्गांत तीन पाठ पाहावयाचे असल्याने ते पंधराव्या मिनिटाला आत येतात, मागच्या बाकावर बसतात, वहीत चार शेरे लिहितात आणि पुढच्या वर्गाकडे वळतात. शेरे पाहिले तर 'फलकलेखन सुधारावे', 'आवाजात चढउतार हवा', 'शैक्षणिक साधन योग्य', 'वर्गनियंत्रण ठीक' अशा धर्तीचे असतात. पाठ इतिहासाचा होता, गणिताचा होता की इंग्रजीचा, हे त्या शेऱ्यांवरून ओळखून दाखवावे! मूल काय बोलले, याचा एकाही शेऱ्यात उल्लेख नसतो. पाहणाऱ्याची नजर सारा वेळ शिक्षकावर खिळलेली असते; वर्ग हा त्या प्रयोगाचा प्रेक्षक. सूक्ष्म अध्यापनात तर तोही उरत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघालेली ही पद्धत आपल्याकडे सत्तरीच्या दशकात आली. एकेक कौशल्य सुटे करून सराव करण्याची तिची कल्पना वाईट नाही. पण तेवीस-चोवीस वर्षांचे पदवीधर पाचवीतली मुले झाल्याचे सोंग घेऊन 'व्हॉट इज धिस?' या प्रश्नाला 'इट इज अ बॉल' असे निमूटपणे उत्तर देतात, तेव्हा खऱ्या वर्गात ज्या एका गोष्टीने शिक्षकाची परीक्षा होते, म्हणजे मुलाला उत्तर न येणे, ती नेमकी तेथे घडत नाही.

वर्गात बाहेरचे माणूस येऊन बसले की शिक्षक का आखडतो, याला इतिहास आहे. मराठी शाळेला 'दिपोटी' पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. दिपोटी येणार म्हणून शाळा सारवली जाई, मुले नाहून-माखून येत, हुशार मुलांना पुढे बसविले जाई आणि ढ मुलांना त्या दिवशी घरी थांबण्याचा सल्ला मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांचे पैसे परीक्षेच्या निकालावर बेतलेले होते. तपासणीस आलेला अधिकारी मुलांना उभे करून प्रश्न विचारी आणि त्या उत्तरांतून शाळेच्या उत्पन्नाचा आकडा निघे. ती पद्धत गेली, तिची भीती राहिली. 'तपासणी' हा शब्द आपल्याकडे शाळेसाठी वापरला जातो आणि जकात नाक्यासाठीही, यात सर्व काही आले. म्हणूनच आजही मागच्या बाकावर कोणी बसले की शिक्षक काल शिकविलेलाच धडा पुन्हा शिकवितो, ज्यांची उत्तरे येतात त्यांनाच विचारतो, आणि पाहणाऱ्याला जे दिसते ते दाखविण्यासाठी मांडलेले असते. यात फसवणूक मुळीच नाही. तो स्वसंरक्षणाचा स्वाभाविक मार्ग आहे.

इंग्रजीच्या तासाला पाहण्यासारखे काय असते, हा प्रश्न मग अधिक बारकाईने विचारला पाहिजे. नेड फ्लँडर्स यांनी वर्गातल्या संभाषणाचे दहा प्रकार पाडले आणि दर तीन सेकंदांनी कोणता प्रकार चालू आहे याची नोंद करण्याची पद्धत बसविली. आपल्या बी.एड.च्या पुस्तकांत तिचा कोष्टकासह समावेश असतो आणि परीक्षेला तिच्यावर टीपही येते. तिच्यावरून निघालेला दोन तृतीयांशांचा नियम प्रसिद्ध आहे: वर्गातला दोन तृतीयांश वेळ कोणी तरी बोलत असते, त्यातला दोन तृतीयांश वेळ शिक्षक बोलतो. इतर विषयांत हे चालून जाईल. भाषेच्या तासाला उरलेल्या तुटपुंज्या वेळात तीस मुलांनी बोलावयाचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सेकंद येतात, आणि तेही बहुधा एका सुरात म्हणण्याचे. पण फ्लँडर्सच्या कोष्टकाला मूल म्हणजे 'विद्यार्थी'; कोणता विद्यार्थी, हे ते विचारत नाही. काशीदसारख्या वर्गात नेमके तेच विचारावयास हवे. खिडकीजवळची ती मुलगी पस्तीस मिनिटांत एकदा तरी एकटी बोलली का? गजरात तिचे ओठ हलत होते ते शब्दांबरोबर की शब्दांनंतर? हे मागच्या बाकावरून दिसत नाही. त्यासाठी बाक सोडून बाजूच्या भिंतीशी, मुलांची तोंडे दिसतील असे बसावे लागते. छात्राध्यापकाला पहिल्या दिवशी एवढीच एक सूचना देऊन वर्गात पाठविले आणि एका मुलाखेरीज दुसरीकडे पाहू नकोस असे सांगितले, तरी त्याच्या वहीत आजवर न उतरलेले काही उतरेल.

दुसरी गोष्ट शांततेची. मेरी बड रो या संशोधिकेने सत्तरीच्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतो आणि मग स्वतःच उत्तर देतो किंवा दुसऱ्याकडे वळतो. ही वाट तीन सेकंदांवर नेली तर उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. त्यांचे काम विज्ञानाच्या वर्गांतले होते. भाषेच्या वर्गात तर त्या तीन सेकंदांत मुलाला प्रश्न समजून घ्यावयाचा असतो, उत्तर मराठीत शोधावयाचे असते, ते इंग्रजीत बसवावयाचे असते आणि हसे होण्याची भीती गिळावयाची असते. घड्याळाचा सेकंदकाटा पाहत ही शांतता मोजणे कोणालाही जमण्याजोगे आहे. तिला ना तक्ता लागतो ना संगणक.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट चुकीची. मराठीत 'अ', 'द' ही उपपदे नाहीत, प्रश्न करताना क्रियापद पुढे आणावे लागत नाही, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांना आपण एकाच 'व'मध्ये बसवितो. तेव्हा मराठी मूल 'व्हेअर यू आर गोइंग?' असे विचारते ते बेसावधपणामुळे नव्हे. ते आपल्या भाषेच्या व्याकरणाशी इमान राखीत असते. कोळीवाड्यातल्या मुलाने 'माय फादर गो फिशिंग नाइट' असे म्हटले तर शिक्षकापुढे क्षणार्धात अनेक वाटा असतात. 'गो नव्हे, गोज' म्हणून त्याला खाली बसविता येते. 'ओ, युवर फादर गोज फिशिंग अ‍ॅट नाइट? इन अ बिग बोट?' असे विचारून बरोबर रूप कानावर घालता येते आणि बोलणेही पुढे नेता येते. किंवा वाक्य फळ्यावर लिहून वर्गालाच विचारता येते. यांतली कोणती वाट केव्हा बरी, हे पुस्तकात सापडत नाही; शिक्षक कोणती घेतो आणि त्यानंतर मूल पुन्हा हात वर करते की नाही, हे पाहूनच कळते. पहिल्या वाटेने गेलेला मुलगा उरलेल्या तासात गप्प राहिला, ही नोंद शंभर गुणांच्या पद्धतिशास्त्राच्या उत्तरपत्रिकेहून मोलाची आहे. मराठीच्या वापराबाबतही तसेच. मराठी वर्ज्य करण्याचे सोवळे कोणी पाळू नये. एक अडलेला शब्द मराठीत सांगून पुढे जाणे वेगळे आणि प्रत्येक वाक्यामागे 'म्हणजे' लावणे वेगळे, एवढा फरक छात्राध्यापकाला दुसऱ्याच्या तासाला बसून, 'म्हणजे' किती वेळा आले ते मोजून, चटकन समजतो. स्वतःच्या तासाला तो त्याला ऐकूच येत नाही.

काशीदहून रेवदंड्याकडे जाताना कोर्लई लागते. तेथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली एक भाषा आजही बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगिजांनी चौलचा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन केला. त्यानंतर पावणेतीनशे वर्षे या भाषेला ना राजाश्रय, ना क्रमिक पुस्तक, ना तिच्यासाठी नेमलेला शिक्षक. तरी ती आईकडून मुलाकडे जात राहिली. (पाव, बटाटा, काजू, चावी आणि पगार हे शब्द आपल्यालाही त्याच काळातून, कोणी न शिकविता, मिळालेले आहेत.) यावरून भाषा शिकविण्याची गरजच नाही असा निष्कर्ष काढणारे भाबडे असतात, इंग्रजी काशीदच्या घरात बोलली जात नाही, आणि शनिवार-रविवारच्या भावतावातून फार तर पन्नास शब्द येतात. कोर्लईची आठवण वेगळ्या कारणासाठी करावयाची. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेचा अभ्यास केला आणि तिच्या घडणीवर १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. लिस्बनच्या पोर्तुगिजाच्या कानाला जी मोडकी वाटावी अशी ही भाषा. भाषाशास्त्रज्ञ तिच्याकडे चुका काढण्यासाठी जात नाही. लोक काय बोलतात आणि तसे का बोलतात, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते, आणि म्हणून त्याला तिच्यात नियम सापडतात. वर्गात बसणाऱ्या पाहुण्याची नजर अशी असू शकते. गुण द्यावयाचे नसतील तर डोळे मोकळे राहतात. रूथ वाजनरिब यांनी १९९२ मध्ये भाषाशिक्षकांसाठी वर्गनिरीक्षणाच्या कृतींचे जे पुस्तक तयार केले त्याचा पायाही हाच आहे: एका वेळी एकच गोष्ट पाहावयाची, जे घडले ते लिहावयाचे, आणि चांगले-वाईट ठरविण्याची घाई करावयाची नाही.

भारतात हे कोणी केलेच नाही असे नाही. हैदराबादला १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. औरंगाबादला राज्य आंग्लभाषा शिक्षण संस्थेने वर्षानुवर्षे शिक्षक तयार केले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांत जो प्रयोग केला तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभर अभ्यासला जातो. व्याकरण बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके, कोडी सोडवावयास द्यावयाची आणि त्या ओघात भाषा येऊ द्यावयाची, अशी त्याची मांडणी होती. तो प्रयोग वर्गात रोज घडणाऱ्या गोष्टी पाहून, त्यांवर चर्चा करून पुढे सरकला. महाराष्ट्रातही ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या साह्याने गेल्या दशकात 'तेजस' उपक्रम झाला आणि शिक्षकांनी गटात बसून आपापल्या तासांविषयी बोलावे असा प्रघात त्यातून काही जिल्ह्यांत पडला. पण प्रकल्प संपतात. त्यांचे अहवाल राहतात.

शिक्षक निवडण्याची रीत तर या सगळ्याच्या उलट दिशेने गेली आहे. २०१३ पासून राज्यात पात्रता परीक्षा, २०१७ पासून अभियोग्यता चाचणी, आणि मग गुणानुक्रमे 'पवित्र' प्रणालीवरून नेमणूक. वशिला आणि देवघेव यांनी पोखरलेल्या जुन्या भरतीपेक्षा हे शतपटीने बरे, यात शंका नाही. तथापि जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू होईपर्यंत त्या उमेदवाराला शिकविताना निवड करणाऱ्यांपैकी कोणीही पाहिलेले नसते. चार पर्यायांतून एकावर खूण करण्यात तो तरबेज असतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली, तेव्हा पंधरा-वीस वर्षे वर्गात उभे असलेले शिक्षक पुन्हा प्रश्नसंच घेऊन बसले. त्यांतल्या कित्येकांच्या तासाला या सबंध काळात शिकण्याच्या हेतूने कोणी बसलेले नाही.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झटकून टाकण्यात अर्थ नाही. मुरूड तालुक्यासारख्या भागात, फणसाडच्या जंगलाकडेच्या वाड्यांवर, द्विशिक्षकी शाळा पुष्कळ. एक शिक्षक दोन इयत्ता सांभाळतो, सर्व विषय शिकवितो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि मोबाइलवर माहिती भरतो. त्याने दुसऱ्याचा तास पाहावयास जावे म्हणजे स्वतःच्या दोन इयत्ता वाऱ्यावर सोडाव्या. १९९४ मध्ये केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली ती अशा शाळांना हात देण्यासाठी; त्यांचा वेळ माहिती गोळा करून वर पाठविण्यात जातो आणि अनेक पदे दीर्घकाळ रिकामी राहिली. शिक्षक संघटनांना वर्गनिरीक्षण म्हटले की बदली आणि वेतनवाढ आठवते; दिपोटींचा वारसा ध्यानात घेता हा संशय अनाठायी म्हणता येत नाही. पालक तर वाट पाहण्यास तयारच नाहीत. इंग्रजी माध्यमाची व्हॅन दारात येते आणि मराठी शाळेचा पट दोनाने, चाराने उतरतो. त्या व्हॅनमधून गेलेल्या मुलाला शिकविणारी व्यक्ती तरी कोणाचा वर्ग पाहून तयार झाली, हे कोणी विचारीत नाही. तिच्या गणवेशाचा टाय मात्र सगळ्यांना दिसतो.

तरीही सोय निघते. केंद्राची शिक्षण परिषद महिन्याला भरतेच. तिच्यात परिपत्रके वाचून दाखविली जातात आणि सूचना दिल्या जातात. ती परिपत्रके मोबाइलवर आधीच पोहोचलेली असतात. त्या वेळातला पाऊण तास यजमान शाळेच्या मुलांबरोबर इंग्रजीचा एक नेहमीचा, न सजविलेला तास घेण्यास द्यावा. जमलेल्या शिक्षकांनी भिंतीकडेने बसून एकेक मूल वाटून घ्यावे. नंतर प्रथम शिकविणाऱ्याने बोलावे, आणि कोणी 'छान' वा 'सुधारणा हवी' असे शब्द उच्चारू नयेत. याला शासन निर्णय लागत नाही. परिषद सुटीच्या दुपारी ठेवू नये एवढेच. मुलांवाचून वर्ग कसा पाहणार? छात्राध्यापकांनाही याच परिषदेत बसू द्यावे. अलिबाग-पनवेलच्या महाविद्यालयाजवळच्या भरलेल्या शाळांत पाठ मोजण्यापेक्षा चार दिवस अशा बहुवर्ग शाळेत, एका शिक्षकाच्या सावलीसारखे राहणे त्यांच्या अधिक कामी येईल, कारण नेमणूक बहुधा तेथेच मिळणार आहे. आणि त्या पहिल्या आठवड्याचे गुण काढून टाकावेत. गुण असले की वही भरली जाते.

यास विरोध होईल तो प्राध्यापकांकडून. नोंदवही नसेल तर निरीक्षण झाले याचा पुरावा काय, विद्यापीठाला काय दाखवावयाचे, असे ते म्हणतील. आणि त्यांच्या डोक्यावरही तपासणीची समिती असतेच. त्यांना एकच पुरावा मागता येईल: छात्राध्यापकाने एका मुलाने तासात उच्चारलेली सर्व इंग्रजी वाक्ये, जशीच्या तशी, चुकांसकट, आणून दाखवावीत. ती चार असतील, किंवा एकही नसेल. ती मित्राच्या वहीतून उतरवून आणता येणार नाहीत, कारण दोघांनी वेगवेगळी मुले ऐकलेली असतील.

सध्या हा विषय निघण्याला तातडीचे कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा मार्ग धरला, आणि २०२५ च्या आरंभी परिषदेने प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात काही पदवीधरांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चे पुनरागमन सुचविले. वर्ष अर्धे झाले की काटछाट कोठे होते, हे अनुभवाने सर्वांस ठाऊक आहे. मानसशास्त्राचा पेपर राहील, मूल्यमापनाचा राहील, सरावपाठांची संख्या कमी होऊन का होईना पण राहील. ज्या आठवड्यात छात्राध्यापकाने काहीच 'करावयाचे' नसते, फक्त भिंतीशी बसून खिडकीजवळची मुलगी केव्हा बोलते याची वाट पाहावयाची असते, तो आठवडा कोणत्या रकान्यात मोजणार हे नव्या वेळापत्रकात कोणी अद्याप लिहिलेले नाही.